पुन्हा, पण हळू

*उभे राहा. पायांत खांद्यांइतकं अंतर. गुडघे सैल. हात नुसते लोंबू द्या. वजन कुठल्या पायावर आहे ते आधी शोधा.*

पहिल्यांदा, नेहमीच्या वेगाने:

आई सकाळी आंघोळ करून बाहेर येत होती. बाथरूमच्या दारात पायपुसणं होतं. त्यावरून पाय सरकला, ती पडली, उजवं मनगट मोडलं. मुलगा तिथेच होता. त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं आणि ताईला फोन केला.

झालं. डॉक्टरांना हेच सांगितलं, ताईला हेच सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही हेच. भरभर सांगितलं की यात कुठे काही खटकत नाही. ताई धावतपळत आली, आईच्या प्लास्टरकडे बघितलं, आणि मग ते पायपुसणं मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"मीच आणलं होतं मेलं," ती म्हणाली. "रंगाला भुलले. खाली रबर आहे का ते बघायचं सुचलंच नाही मला."

तेव्हा बोलता आलं असतं. तो डब्याचं झाकण लावायला गेला.

*चूक झाली? थांबू नका, तोंड वाकडं करू नका. पहिल्या जागेवर या. पुन्हा. पण हळू.*

आधी त्या दाराबद्दल. बाथरूमचा उंबरठा उंच आहे. बांधणाऱ्याने पाणी बाहेर येऊ नये म्हणून केला असावा. पाणी येत नाही आणि म्हातारं माणूसही सहज येत नाही. आईचे पाय मात्र धडधाकट. तिने उभं आयुष्य टपाल वाटलं. लिफ्ट नसलेल्या इमारती, भुंकणारी कुत्री, खांद्याला पिशवी. निवृत्त झाल्यावरसुद्धा बाजारात जायची तर तिच्याबरोबर निघालेली माणसं मागे पडायची. तिला अडचण एकच, तो उंबरठा. तिथे तोल सावरायला तिला काहीतरी लागायचं. मग मुलगा दाराबाहेर उभा राहायचा, डावा हात कोपरात वाकवून पुढे धरायचा, आई त्यावर आपला डावा तळवा टेकवायची आणि टुणकन पलीकडे यायची.

"माझा कठडा," ती म्हणायची. पुढे नावच पडलं. "कठड्या, चहा टाकलास का?" "कठड्या, टॉवेल!"

ताईने कितीदा सांगितलं, भिंतीला स्टीलची दांडी बसवून घ्या म्हणून. आई उडवून लावायची. "घरात चालताबोलता कठडा असताना भिंतीला भोकं कशाला पाडू?"

तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करतो. काच घासून फ्रेमच्या मापाची करायची, कडा गुळगुळीत करायची, खोबणीत बसवायची, मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू पिळायचा. दिवसभर मान खाली. पन्नाशीला आलेला, लग्न न केलेला, रक्तदाब वाढलेला माणूस. एका संध्याकाळी पादचारी पुलावर कोणीतरी त्याला मागून ढकललं, पिशवी हिसकावली आणि पळालं. पिशवीत जेवणाच्या डब्याशिवाय काही नव्हतं. पण तो पालथा पडला आणि त्याचा स्वतःचा चष्मा फुटला. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या काचा स्वतःच घासाव्या लागल्या, आणि ही गोष्ट त्याने घरी जेवताना सांगून टाकली. तीच चूक. ताईने लगेच शोधाशोध करून एका क्लासला त्याचं नाव घातलं. ताई ची, सावकाश हालचालींची चिनी विद्या. रक्तदाबालाही बरं, अंगावर कोणी आलं तर स्वतःला वाचवायलाही बरं.

"माझ्याच नावाचा क्लास आहे," ताई म्हणाली. "पहिल्या नंबराने पास व्हायचं."

आईला हसू आवरेना. "ताईची झाली की आईची पण शिकून घे रे."

*डावा हात वर, उजवा खाली. मोठा चेंडू पोटाशी धरलाय असं समजा. चेंडू फुटू द्यायचा नाही.*

क्लास फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. खालून ताज्या पॉलिशचा वास यायचा. शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी पोहणं शिकवायच्या. आवाज अजून तलावाच्या त्या टोकाला पोचेल असा, आणि हालचाल मात्र अशी की बघता बघता त्या जागा बदलून मोकळ्या व्हायच्या आणि त्या कधी हलल्या ते कळायचं नाही. बाकी मंडळी बहुतेक गुडघेवाली आणि कंबरवाली. त्याच्या जोडीला आले पंच. फुटबॉलचे निवृत्त पंच. धिप्पाड, प्रत्येक वाक्य शिट्टी मारल्यासारखं.

घरी तो जेवणाच्या टेबलाची खुर्ची सरकवून सराव करायचा. आई बघत बसायची.

"चोर इतक्या सावकाश आला ना," ती म्हणायची, "तर तुझ्या हातून सुटायचा नाही बघ."

"आई, हे आधी हळू शिकायचं असतं. मग अंगात मुरतं. मग वेळ आली की आपोआप होतं."

"मुरू दे. लोणच्यासारखा हो."

मग एके दिवशी मॅडमनी जोडीचा सराव सुरू केला. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं. एकाने ढकलायचं. दुसऱ्याने उलट ढकलायचं नाही, पळायचंही नाही. जोर आला की कोपर खाली सोडायचं, कंबर वळवायची, वजन दुसऱ्या पायावर न्यायचं. समोरच्याला वाटतं इथे काहीतरी आहे, तो त्यावर भार टाकतो, आणि तिथे काहीच नसतं.

"तुमच्यावर रेलणाऱ्याला काही सापडू द्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याचं वजनच त्याला पाडतं. तुम्ही कोणाला पाडायचं नाहीच. तुम्ही फक्त तिथे नसायचं."

त्याला जमेना. पंच ढकलायचे आणि तो खांबासारखा उभा.

"अहो, फाउल करताय तुम्ही," पंच ओरडायचे. "अडवताय! सोडा की!"

"इतकी वर्षं कोणाचं ओझं धरून उभे आहात?" मॅडमनी विचारलं. त्या सहज बोलल्या. क्लासमध्ये असं त्या कोणालाही म्हणायच्या. त्याला मात्र ते लागलं. त्या दिवसापासून तो जिद्दीला पेटला. दुकानाच्या जड दरवाजावर सराव, बसच्या दांड्यावर सराव, लिफ्टमध्ये शिरताना मागून येणाऱ्या माणसांवर सराव.

आणि मग जमलं. बसथांब्यावर एक घाईतला माणूस खांदा पुढे काढून त्याच्यावर आदळायला आला, याचं कोपर खाली गेलं, कंबर वळली, आणि तो माणूस हेलकावे खात जाहिरातीच्या फलकाला जाऊन टेकला. "सॉरी, सॉरी," तोच म्हणाला. याला आतून इतकं हसू फुटलं की बस आलेली कळली नाही. कोणी ढकललं तर आता आपण पडणार नाही. घरी येऊन त्याने आईला उभ्या उभ्या सगळं करून दाखवलं. ती म्हणाली, "शाब्बास रे माझ्या पहिलवाना."

ही संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडली.

*पुन्हा. आता अर्ध्या वेगाने. श्वास सोडताना वजन सोडा.*

दुसऱ्यांदा:

तो दाराबाहेर उभा होता. हात नेहमीसारखा पुढे धरलेला. पण लक्ष आईकडे नव्हतं. मनात बसथांबा चालू होता. त्याने डोळे अर्धवट मिटले होते आणि गुडघ्यांत किंचित बसला होता. आईने दार उघडलं, पाय उचलला, तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि नेहमीसारखा सगळा भार दिला.

त्याचं कोपर खाली गेलं. कंबर वळली. वजन मागच्या पायावर गेलं.

आईचा तळवा हवेत उतरला. पायपुसण्यावर तिचा पाय पडलाच नव्हता. ती वरूनच गेली, आडवी, उजव्या हातावर.

पायपुसणं जागचं हललं नव्हतं. सरकलं ते तिला उचलताना, त्याच्या पायाने.

हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. रात्र उलटेपर्यंत त्याला वाटत होतं, सांगू. पण तोवर पायपुसणं कचऱ्याच्या गाडीत चढलं होतं, ताईने स्वतःला शंभर शिव्या देऊन झाल्या होत्या, आणि आईने खालच्या काकूंना फोनवर सांगितलं होतं, "नाही हो, पायपुसण्याला कशाला नावं ठेवू. पायच गेले माझे. मला कळलंच नाही कधी गेले."

हे ऐकून तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि ग्लास भरून तसाच ओतून दिला.

*रिकामा पाय आधी पुढे. चाचपा. जमीन आहे का बघा. खात्री झाल्याशिवाय वजन द्यायचं नाही.*

मनगट जुळत होतं. डॉक्टर खूश होते. पण आई उठेना.

खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत. उभी राहिली की पायांकडे बघत राहायची. चपला तिने स्वतःच खाटेखाली सारून दिल्या. जे पाय तिला कधी आठवावेसुद्धा लागले नव्हते त्यांच्याकडे ती आता भाडं थकवलेल्या भाडेकरूंकडे बघावं तशी बघायची. बाथरूमला जायचं म्हटलं की मुलाने पुढून धरायचं आणि काकूंनी मागून. तिने अजून त्याच्या हातावर भरवसा ठेवला होता, हेच त्याला सोसत नव्हतं. ती त्याचा दंड दोन्ही बाजूंनी आवळून धरायची, प्लास्टरच्या हातानेसुद्धा. "तू आहेस म्हणून," ती म्हणायची. "नाहीतर पायांनी दगाच दिला बघ."

त्याने दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डाव्याची काच उजवीकडे बसवली. मालक नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

तो क्लासला गेला आणि सगळे गेल्यावर मॅडमना म्हणाला, "हे उलटं करता येतं का? म्हणजे, मुरलेलं काढून टाकता येतं का?"

"कशाला काढायचंय? आत्ता कुठे बसायला लागलंय तुमचं."

"घरात उपयोग नाही त्याचा."

मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. "घरात कोणी ढकलतं का तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "रेलतात."

त्यांना काय समजलं कोण जाणे. हॉलचा पंखा बंद करता करता त्या म्हणाल्या, "मग रेलणारा आणि ढकलणारा हाताला वेगळा कळला पाहिजे. मी ते शिकवायला हवं होतं." म्हणजे तिसऱ्या एका माणसाने चूक आपल्या अंगावर घेतली. पायपुसणं आणणारी ताई, पाय म्हातारे झालेली आई, आणि आता मॅडम. चूक सगळ्यांची होती. त्याची तेवढी नव्हती.

मग ताईने जाहीर केलं. तिचं घर तळमजल्यावर आहे, उंबरठे नाहीत, मागची खोली रिकामी करून घेतली आहे. येत्या रविवारी आईला न्यायचं. कायमचं.

"तुला त्रास नको," ती त्याला म्हणाली. "तू खूप केलंस."

"जाते बाई," आई म्हणाली. "पायच राहिले नाहीत तर कुठली खोली नि कुठलं काय. तिथून टपालपेटी दिसते का गं?"

*पुन्हा. आता इतकं हळू की लाज वाटली पाहिजे.*

तिसऱ्यांदा:

दार उघडतं. साबणाचा वास. वाफ. तिच्या बांगडीचा आवाज दाराच्या कडीवर. तळवा हातावर येतो, ओला, गरम. डोळे अर्धवट मिटलेले असले तरी त्या तळव्यात अनोळखी काही नाही. लहानपणी कपाळावर ताप बघायला येणारा तोच. हाताला कळतं: आई.

कळतं. मग भार येतो. मग कोपर खाली जातं.

आणि कोपर खाली गेल्यावर, तिचा हात हवेत आणि पाय उंबरठ्याच्या वर असताना, ती ओरडायच्या आधी, त्याच्या मनात एक शब्द येतो. लख्ख, आनंदाने.

जमलं.

यापेक्षा हळू सांगता येत नाही.

*जोडीने उभे राहा. मनगटाला मनगट.*

शनिवारी दुपारी ताई तिच्या घरी मागच्या खोलीला रंग देत होती. काकू खाली आपल्या घरी झोपल्या होत्या. आई खुर्चीत. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ऊठ जरा."

"कशाला? चहा नको मला."

"चहाचं नाही. ऊठ. डावा हात दे."

ती कुरकुरत उठली. त्याने हात पुढे धरला, तसाच, कोपरात वाकवून. उजव्या हाताने तिला कमरेशी घट्ट धरून ठेवलं.

"टेक हात. भार दे."

"काय खेळ काढलास हा?"

"दे गं."

तिने भार दिला. त्याने कोपर सोडलं आणि कंबर वळवली. आईचा तळवा हवेत गेला, ती पुढे झुकली, आणि त्याच्या उजव्या हाताने तिला जागच्या जागी अडवलं.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली. मोकळ्या तळव्याकडे बघितलं, मग त्याच्या कोपराकडे.

"परत कर," ती म्हणाली.

त्याने परत केलं.

टपाल वाटणाऱ्या बाईला पत्ता तिसऱ्यांदा वाचावा लागत नाही. तिने खाली पायांकडे बघितलं. एक पाय उचलला, टेकवला. दुसरा उचलला, टेकवला.

"म्हणजे हे शाबूत होते."

"हो."

"पायपुसणं?"

"नाही सरकलं."

"आणि तू मला एवढे दिवस खुर्चीत बसवून ठेवलंस. त्या पोरीला खोली रंगवायला लावलीस."

"हो."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि चपला काढायला खाटेखाली वाकली. एका हाताने चपला चढवताना, मान वर न करता तिने विचारलं, "मी आहे हे कळलं होतं तुला?"

त्याने खिडकीकडे बघितलं. खोटं बोलायला आता काहीच नव्हतं, पायपुसणंही नव्हतं.

"हात लागल्याबरोबर कळलं."

"मग?"

"मग... अंगात मुरलं होतं, आई."

तेवढ्यावर तो थांबला. तो शब्द तिला सांगितला नाही. तो अजून त्याच्याकडेच आहे.

आई दरवाजापर्यंत चालत गेली आणि परत आली. पुन्हा गेली. भिंतीला हात न लावता. तो मागे मागे हात पुढे धरून चालत होता, तर ती म्हणाली, "हात मागे घे. मला काही झालेलं नाही."

मग तिने फोन मागितला.

"मी येत नाहीये उद्या," ती ताईला म्हणाली. "हो, पाय ठीक आहेत. चालून बघितलं ना आत्ता... अगं डॉक्टर काय माझ्या पायांत शिरून बघतात का?... नाही, कोणी फूस नाही लावली. तो इथेच उभा आहे, बावळटासारखा."

पलीकडून ताईने काहीतरी लांबलचक विचारलं. त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण प्रश्न कळत होता. पाय ठीक होते तर मग पडलीस कशी?

आईने त्याच्याकडे बघितलं. तो मान हलवायला लागला, सांग म्हणून. सांगून टाक.

"पायपुसण्यावरून गं," आई म्हणाली. "सरकलं ते. तूच तर आणलं होतंस, बिनरबराचं. आता रडू नको. चूक सगळ्यांच्या हातून होते."

फोन ठेवून ती म्हणाली, "तिला दोन बाजूंनी रडायला नको लावूस, माझ्यासाठी आणि तुझ्यासाठीही. एकच बाजू पुरे." आणि जरा वेळाने, "दुकानं उघडी असतील अजून. स्टीलची दांडी घेऊन ये."

*शेवटचं आसन पहिल्यासारखंच. फक्त आता तुम्ही थकलेले आहात.*

दांडी त्यानेच बसवली. काचा घासणाऱ्या हाताला भिंतीचं काम कठीण नव्हतं. खुणा करून, भोकं पाडून, स्क्रू पिळून झाले. आईने आधी एका बोटाने दांडी हलवून बघितली, मग तळवा ठेवला, मग सगळा भार दिला. दांडी हलली नाही. आई उंबरठा ओलांडून बाहेर आली. तो दोन पावलं दूर उभा होता. तिने त्याला साध्या नावाने हाक मारून टॉवेल मागितला.

ताई नवं पायपुसणं घेऊन आली, खाली रबर असलेलं. उलटं करून तिने रबर सगळ्यांना दाखवलं. त्याने ते दारात अंथरलं, चारही कोपरे दाबून दाबून.

मग तो क्लासला गेला. जायचं नव्हतं, पण आई म्हणाली, रक्तदाब काही पायपुसण्याने वाढलेला नाही. पंच समोर उभे राहिले. मनगटाला मनगट टेकलं. पंचांनी श्वास सोडून भार टाकला, जाडजूड, घामट, अनोळखी हाताचा.

त्याचं कोपर खाली जाऊ लागलं. त्याने ते अडवलं. खांदा दुखला.

"अहो, पुन्हा फाउल!" पंच म्हणाले. "सोडा ना! जमलेलं होतं की तुम्हाला!"

"खांब झालात परत," मॅडम लांबून ओरडल्या. "सोडा. मी काय सांगितलंय? तिथे नसायचं."

पंचांनी आणखी जोर लावला. पण त्याने हात हलू दिला नाही, कोणाला तरी उंबरठ्यावरून दुसरा पाय अजून उचलायचा आहे, तो पलीकडे टेकेपर्यंत धरून राहायचं आहे, तसा.